दाजींच्या परमिट रूमचं बियर-कार्ड : प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२४, मालवण

काम असं: दाजींच्या परमिट रूमसाठी एक पानी बियर-कार्ड करायचं. कुठल्या माशाबरोबर कुठली बियर, किती थंड, कुठल्या ग्लासात, एवढंच. काल गांधी जयंतीचा ड्राय डे, दाजी रिकामे होते, तेव्हा ठरलं.

कारण रोजचंच आहे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तारकर्लीला पाण्यात डुंबून येतं, सुरमईचं ताट सांगतं आणि विचारतं, "क्राफ्टमध्ये काय आहे?" म्हणजे छोट्या कारखान्यांतली, वेगवेगळ्या जातींची बियर. दाजींच्या फ्रिजमध्ये स्ट्रॉंग, माईल्ड आणि सोडा. ताईचं म्हणणं, चार महागडे कॅन आणून ठेवा, झालं काम. मला ते पटत नाही. पुण्यातल्या पबमध्ये जी बियर चालते ती तिथल्या चकण्याबरोबर चालते. इथे समोर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं असतं, आगळाची सोलकढी असते आणि हवा अशी की ग्लासाला बाहेरून सुटलेलं पाणी टेबलावर साचतं. तेव्हा निवड याच टेबलावर, याच जेवणाबरोबर व्हायला हवी.

चाखणारे: दाजी, मी, भाचा (पुण्यात नोकरी, वय आणि परवाना दोन्ही जागेवर) आणि रापणीवाले मामा. मामांनी आयुष्यात स्ट्रॉंग आणि माडी यापलीकडे काही घेतलेलं नाही. म्हणूनच त्यांना घेतलं. नावं वाचून मत देणारा माणूस नको होता.

माल महाराष्ट्रातला, पावतीचा. गोवा जवळ, तिथली बियर स्वस्त, पण बाटली डिकीत टाकून इन्सुलीचा नाका ओलांडायचा विचारही नाही. एफएल-३, म्हणजे परमिट रूमच्या परवान्यावर दाजींचं घर चालतं. गोव्याचं गोव्यातच पिऊन यायचं, आणि गाडी न पिणाऱ्याने चालवायची.

६ ऑक्टोबर

बियर अजून फोडलेली नाही, ग्लासांवरच दिवस गेला. तक्रार अशी की इथे बियरला फेस टिकत नाही. टिकणार कसा? ज्या मोरीत सुरमईचा तवा घासला जातो त्याच मोरीत, त्याच घासणीने ग्लास विसळले जातात. तेलाचा पुसटसा थर काचेवर राहिला तरी फेस बसतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. ग्लास आतून ओला करायचा, पाणी झटकायचं आणि बारीक मीठ भुरभुरायचं. काच स्वच्छ असेल तर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. जिथे तेल आहे तिथे चट्टे पडतात. दाजींनी कपाटातून पहिला ग्लास काढला, मीठ टाकलं आणि आत भारताच्या नकाशाएवढी मोकळी जागा दिसली. दुसरी खूण भरलेल्या ग्लासातली: बुडबुडे वर न जाता काचेच्या कडेला चिकटून बसले तर ग्लास मळका.

आजपासून बियरचे ग्लास वेगळ्या टबात, वेगळ्या घासणीने. पुसायचे नाहीत, जाळीवर उपडे. फडक्याला तळणाचा वास असतोच.

१३ ऑक्टोबर

पहिली बैठक: नेहमीची स्ट्रॉंग विरुद्ध पिल्सनर. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ओतायचं काम ताईकडे. सोबत रवा लावून तळलेला बांगडा.

फ्रिजमधून काढल्या काढल्या दोन्ही सारख्याच लागल्या. थर्मामीटर २ अंश दाखवत होता. एवढ्या गारठ्यात जीभ बधिर होते, फक्त थंड आणि झिणझिण्या कळतात. वीस मिनिटांनी, ७ अंशांवर, दोघींची जात उघडी पडली. स्ट्रॉंगमधून गोडसर, स्पिरिटचा वास यायला लागला. आपल्याकडच्या स्ट्रॉंगमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत नेतात, त्यासाठी माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) साखर किंवा तांदूळही वापरतात, त्यामुळे अंग हलकं आणि डोकं जड. ती बर्फासारखी थंड प्यायची सवय का लागली, हे तिला कोमट करून पाहिलं की लगेच कळतं.

पिल्सनर मात्र ७ अंशांवर खुलली. ताज्या पावासारखा माल्टचा वास, मागून हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कोरडा कडवटपणा. ही जात १८४२ ची, बोहेमियातल्या पिल्सेन गावची. तिथल्या लोकांना गावची बियर इतकी खराब वाटायची की त्यांनी नवा कारखाना उभा केला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा बियर करणारा बोलावला. फिकट भाजलेलं माल्ट, साझ जातीचे हॉप्स आणि क्षार जवळजवळ नसलेलं मऊ पाणी एकत्र आलं. यीस्ट लॅगरचं, म्हणजे थंडीत, दहा-बारा अंशांच्या आसपास सावकाश काम करणारं. एल प्रकारचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास झपाट्याने आंबवतं आणि फळांचे, मसाल्यांचे वास मागे सोडतं. लॅगरचं यीस्ट स्वतःची खूण फारशी ठेवत नाही. म्हणून पिल्सनरमध्ये लपवायला जागा नसते, एखादी चूक झाली की थेट नाकात जाते.

बांगड्याच्या तेलकटपणावर पिल्सनर अचूक बसली. बुडबुडे आणि कडवटपणा जीभ धुऊन काढतात, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. दाजींचं मत: "चांगली आहे, पण चढत नाही." हा मुद्दा कार्डावर लिहिण्यासारखा नाही, धंद्यात मात्र धरावा लागेल.

२७ ऑक्टोबर

गव्हाची बियर. एक जर्मन पद्धतीची हेफेवाइत्सन, एक बेल्जियन पद्धतीची विटबियर, आणि तुलनेला बिरा ९१ ची व्हाइट. २०१५ मध्ये बिरा बाजारात आली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी गव्हाची बियर पहिल्यांदा चाखली, म्हणून ती मोजपट्टी.

हेफेवाइत्सनचा ग्लास नाकाशी नेताच मामा थांबले. "केळा घातलेनी काय ह्याच्यात?"

घातलेलं नाही. या यीस्टच्या आंबवण्यात जो आयसोअमाइल अॅसिटेट तयार होतो तोच पिकलेल्या केळ्यातही असतो. लवंगेचा वासही यीस्टचाच. जर्मनीत या बियरमध्ये निम्म्याहून कमी गव्हाचं माल्ट चालत नाही. बाटलीतला तळाचा गाळ टाकायचा नसतो: थोडी बियर शिल्लक ठेवायची, बाटली गोल फिरवायची आणि गाळासकट वरून ओतायची. दाजींचा वेटर गाळ पाहून बाटली परत न्यायला निघाला होता, त्याला हे दाखवून ठेवलं.

विटबियरमध्ये वासाची सामग्री खरोखरच घातलेली असते: धणे आणि संत्र्याची साल. माल्ट न केलेला कच्चा गहूही असतो, म्हणून ती दुधट दिसते. बेल्जियममधल्या हूगार्डेन गावची ही जात १९५० च्या दशकात बंदच पडली होती. पिएर सेलिस नावाच्या दूध विकणाऱ्या माणसाने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. तरुणपणी गावच्या बियरच्या भट्टीत त्याने हाताखाली काम केलं होतं, त्या आठवणीवर.

जेवण: तिसऱ्यांचं सुकं. इथे विटबियरने सगळ्यांना मागे टाकलं. मालवणी मसाल्यात धणे असतातच, ओल्या खोबऱ्याचा गोडवा असतो. बियरमधले धणे त्यात मिसळून जातात आणि साल लिंबाचं काम करते. बेल्जियममध्येही शिंपल्यांबरोबर बियर पितात, त्यामुळे हे जमणार असा अंदाज होता, पण इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. हेफेवाइत्सनचं केळं तिसऱ्यांशी भांडतं. ती ठेवायची तर घावन आणि कोंबडीच्या पांढऱ्या रश्श्याबरोबर, नाहीतर नुसतीच.

भाच्याने ग्लासाच्या कडेला संत्र्याची फोड लावली. काढायला लावली. आंबट रसाने फेस मरतो.

२१ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान काल झालं, सोमवार संध्याकाळपासून दुकानं बंद होती, शनिवारी मतमोजणीला पुन्हा बंद. या मोकळ्या वेळात आयपीएचं, म्हणजे जास्त हॉप्सच्या कडवट 'इंडिया पेल एल'चं वाचन.

गिऱ्हाईकाला सांगायची गोष्ट ठरलेली असते: इंग्रजांनी हिंदुस्थानच्या लांब प्रवासासाठी मुद्दाम जास्त हॉप्सची, जास्त कडक बियर शोधून काढली. इतकी सरळ ती गोष्ट नाही. लंडनच्या बो भागातला हॉजसन १८व्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर माल देत होता. भट्टी गोदीजवळ, हिशेब लांबणीवर, म्हणून कप्तान त्याच्याकडे जात. त्याची फिकट बियर आफ्रिकेला वळसा घालून चारपाच महिन्यांच्या उन्हात-हिंदकळण्यात पिंपात चांगली मुरायची. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉपने ती जात उचलली आणि बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्स जास्त धारदार लागले. आणि साध्या गोऱ्या शिपायांसाठी मुंबई-मद्रास-कलकत्त्याला येत होती ती काळी पोर्टर. फिकट बियर साहेबांची.

हॉप्स जास्त घालण्यामागे खरं शास्त्र आहे. हॉप्समधली कडू द्रव्यं बियर आंबट करणाऱ्या लॅक्टिक जंतूंना वाढू देत नाहीत. हे पुढे आंबट बियरच्या वेळी उलट बाजूने कामी येणार आहे.

२४ नोव्हेंबर

आयपीए. पुणेरी कॅन, भाच्याने बर्फात घालून आणलेले. सोबत बांगड्याचं तिखलं आणि कोंबडी-वडे.

"तिखट जेवणाबरोबर आयपीए" हे वाक्य मेनूकार्डांवर सर्रास छापलेलं असतं. आज ते माझ्यापुरतं बाद. कोंबडीच्या रश्श्याचा घास, वर आयपीएचा घोट, आणि तोंडात आग. कारणं तीन, तिन्ही एकदम हल्ला करतात. मिरचीची जाणीव ज्या नसांना होते त्यांना अल्कोहोल आणखी हळवं करतं, आणि आयपीएत ते सहा-साडेसहा टक्के असतं. बुडबुडे टोचतात. कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि तिखटाला धरून ठेवतो. ज्याला आगच हवी त्याने जरूर घ्यावी.

मामांनी घोट घेतला, ग्लास लांब ठेवला. "किराईत आसा ह्या. ताप इलो तर देतत." लहानपणी ज्याला पावसाळ्यात किराइताचा काढा नाक धरून पाजलाय त्याला आयपीए समजवायला वेळ लागणार.

तिखल्याबरोबर मात्र एक वेगळंच झालं. तिरफळ हे लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं झाड, सालीचा वास तसाच झणझणीत. रस्सा बाजूला ठेवला, त्यातलं एक तिरफळ चोखलं, ओठांना मुंग्या आल्या आणि त्यावर आयपीएचा घोट घेतला. हॉप्सचा लिंबाळ, पाइनसारखा वास एकदम मोठा झाला आणि कडवटपणा मागे सरकला. म्हणजे भांडण मिरचीशी आहे, तिरफळाशी जमतं. तांबड्या मिरचीशिवाय, नुसतं मीठ-तिरफळ-आगळ लावून भाजलेला पेडवा यासाठी करून बघायचा.

कॅनच्या बुडाची तारीख पाहणं आजपासून सक्तीचं. यातला एक कॅन पाच महिन्यांपूर्वीचा होता. वास गेलेला, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. आयपीएचा जीव हॉप्सच्या वासात, आणि तो जीव अल्प असतो. ज्या बियरच्या दंतकथेत चार महिन्यांचं जहाज आहे ती आज ताजीच प्यायची असते.

१२ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. मामा शिवत नाहीत, ताईकडे वरण-भात. नोंद काही नाही.

१५ डिसेंबर

आजचा दिवस कालवांचा.

पहाटेच्या ओहोटीला खाडीतल्या खडकांवरची कालवं फोडून आणणाऱ्या मावशीकडून वाटा घेतला. ताईने निम्मी नुसत्या हळद-मिठात, कढईत स्वतःच्या पाण्यात आटवली, निम्म्यांना भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलं. ग्लासात स्टाउट, म्हणजे भाजक्या जवाची काळी बियर, ११ अंशांवर. दाजी हात लावून म्हणाले, "गरम आहे ही." प्या आधी, म्हटलं.

कालवं आणि स्टाउट ही जोडी लंडनची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे कालवं गरिबांचं खाणं होती आणि काळी बियर कामगारांची, दोन्ही एकाच गुत्त्यात मिळत. आर्थर गिनेसने डब्लिनमधली जागा १७५९ मध्ये घेतली ती तब्बल ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. दाजींना बियरपेक्षा ही माहिती जास्त आवडली, त्यांच्या जागेचा करार अकरा महिन्यांचा असतो.

हळद-मिठाच्या कालवांबरोबर: कालवांचा खारट, किंचित लोखंडी रस आणि मागून गोडवा. स्टाउटचा भाजका कडवटपणा तो गोडवा पुढे ढकलतो. माल्ट न केलेले जव कॉफीच्या बियांसारखे काळे भाजलेले असतात, तिथून ही चव येते. वाटपाच्या कालवांबरोबर आणखी एक पायरी वर. तांबूस भाजलेलं खोबरं, करपण्याच्या काठावरचा कांदा आणि भाजलेले जव एकाच जातीची चव देतात, भाजताना साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तयार होणारी. मामांनी वडा स्टाउटमध्ये बुडवला. कार्डावर हे सुचवणार नाही, पण मीही बुडवून पाहिला आणि तो चांगला लागला.

ज्या कोंबडीच्या रश्श्याने आयपीए हरवली, त्याच रश्श्याबरोबर स्टाउट शांतपणे बसते. कोरड्या आयरिश पद्धतीच्या स्टाउटमध्ये अल्कोहोल चार-सव्वाचार टक्के, म्हणजे स्ट्रॉंगच्या जेमतेम निम्मं. काळी म्हणजे कडक, हा समज गिऱ्हाईकाच्या डोक्यात पक्का आहे. कार्डावर टक्केवारी ठळक छापायची.

१९ जानेवारी २०२५

आंबट बियर. काल भाच्याबरोबर गोव्यात बसून काही चाखल्या, आज घरी पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची, कोकम आणि मीठ घातलेली.

मीठ आणि धणे घातलेली आंबट गव्हाची बियर ही जर्मनीतली जुनी चाल, गोझ म्हणतात, गोस्लार गावची आणि पुढे लायप्झिगने वाढवलेली. आंबटपणा लॅक्टिक जंतूंचा, म्हणजे दह्याच्या विरजणाचे नातेवाईक. म्हणूनच हॉप्स नावापुरते, नाहीतर जंतू कामच करणार नाहीत. कोकम, मीठ, आंबट: मालवणच्या माणसाला यात परकं काही नाही.

आज मामा बोलायला लागले. "दुपारची माडी!" आणि मग तासभर शिकवणी. पहाटे माडावरून उतरवलेली माडी गोड, पोरंसुद्धा मागतात. ऊन चढलं की फसफसते, दुपारनंतर आंबट आणि जोरदार, दुसऱ्या दिवशी नुसतं व्हिनेगर. कोणी यीस्ट टाकत नाही, ते मडक्यात आणि हवेतच असतं. ब्रुसेल्सजवळ लँबिक बियर अशीच हवेतल्या यीस्टवर सोडतात, फक्त ती पिंपात एक ते तीन वर्षं मुरते. मामांना ते वर्षांचं गणित हास्यास्पद वाटलं.

त्यांची कसोटी मी कार्डासाठी उचलतोय. एका ग्लासाबद्दल म्हणाले, "आंबट आसा, पण नासलला नाय." दुसऱ्याबद्दल नुसतं नाक मुरडलं. तिथे व्हिनेगरचा वास पुढे येत होता, मलाही तो त्यांच्यानंतर जाणवला. पिल्सनरला "पाणी" म्हणणारा हा माणूस आंबट बियरमध्ये आमच्या सगळ्यांपेक्षा बारीक फरक सांगत होता.

जेवण: सोलकढी आणि आमसुलाच्या आमटीबरोबर ही बियर नको, आंबटावर आंबट. तळलेले मुडदुशे आणि सुक्या जवळ्याची कोशिंबीर यांच्याबरोबर अव्वल.

९ फेब्रुवारी

ठेवण्याची बाजू. दाजींचा काचेचा फ्रिज दाराशी, दुपारी थेट ऊन. एकाच लॅगरच्या दोन हिरव्या बाटल्या घेतल्या, एक खिडकीत उन्हात, एक कपाटात. संध्याकाळी दोन्ही थंड करून नाकाशी धरल्या. उन्हातलीला जळक्या रबराचा वास. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं तुटून गंधकाचं संयुग तयार होतं, आणि त्याचा नखभर अंशही नाकाला पुरतो. तपकिरी बाटली बरंच वाचवते, कॅन पूर्ण. फ्रिज आतल्या भिंतीला हलवला. दाजींचा विरोध: बाहेरून दिसली नाही तर विकली कशी जाणार? रिकाम्या बाटल्या दाराशी मांडल्या.

२ मार्च

भाजलेल्या पेडव्याचा प्रयोग जमला, पण पेडवा रोज मिळत नाही. आयपीएला कायमचा जोडीदार ओल्या काजूगरांच्या उसळीत सापडला: तिखट बेताचं, काजूचा तुपट गोडवा, आणि कडवटपणाला टेकायला जागा. हंगाम मे पर्यंत. तोवर आयपीए कार्डावर, नंतर बाद. आठवड्याला मोजकेच कॅन, तारीख दोन महिन्यांच्या आतली असेल तरच.

कार्ड असं छापायला दिलं. पिल्सनर: तळलेला बांगडा, सुरमई, ६ अंश. विटबियर: तिसऱ्या, कोळंबी, ६ अंश. कोकमाची आंबट: मुडदुशे, जवळा, ५ अंश. स्टाउट: कालवं, कोंबडी-वडे, ११ अंश. आयपीए: ओले काजूगर, ८ अंश. हेफेवाइत्सन गळली, दोन्ही गव्हाच्या ठेवण्याइतकं गिऱ्हाईक नाही. स्ट्रॉंग आणि माईल्ड कार्डाबाहेर, पण फ्रिजमध्ये. त्यांच्यावरच वीजबिल निघतं.

भाव प्रत्येक मालाच्या पावतीनुसार दाजी भरणार. खाली बारीक अक्षरात एक ओळ ताईने घातली: "परवाना नसल्यास काउंटरवर एक दिवसाचा मिळेल. २१ वर्षांखालील व्यक्तींना बियर दिली जाणार नाही." स्टाउटसाठी जुना छोटा फ्रिज दुरुस्तीला गेलाय, गुरुवारपर्यंत येईल म्हणतात.